रांगेतली रिकामी खुर्ची

शनिवारी पहाटे आमच्या गावावरून ओकच्या लाकडाचा धूर जातो. तो नदीकडून येतो, चर्चच्या मनोऱ्याला वळसा घालतो आणि नेमका आमच्या बेडरूमच्या खिडकीशी येऊन रेंगाळतो. हा मिस ओपल डूलीच्या भट्टीचा धूर. तिचं बार्बेक्यू आठवड्यातून एकदाच, शनिवारी सकाळी उघडतं आणि मांस संपलं की बंद होतं. तिथलं ब्रिस्केट, म्हणजे रात्रभर धुरावर शिजवलेलं छातीकडचं गोमांस, खायला लोक टेक्सासच्या पार दुसऱ्या टोकापासून येतात. आम्ही त्याच गावात राहून इतकी वर्षं फक्त धूर खाल्ला. आमचे पडदे, उशा, माझे ऑफिसचे शर्ट, सगळे तृप्त झाले होते. मी तेवढा उपाशी होतो.

याला कारण होतं, आणि ते तत्त्वाचं होतं. मिस ओपलकडे पूर्वी काळं कुत्रं फिरकत नसे, तेव्हा 'जाऊ की कधीतरी' म्हणून आम्ही गेलो नाही. मग कुठल्याशा मासिकात तिचं नाव छापून आलं आणि एका आठवड्यात तिच्या दारापासून कापसाच्या गिरणीपर्यंत रांग लागली. ज्या गावात मी जन्मलो आणि ज्या गावाला कर भरतो, त्याच गावात मी जेवणासाठी बाहेरगावच्या लोकांच्या मागे उभा राहणार नाही, असं मी जाहीर केलं. जाहीर केल्यावर कुणी आग्रह करेल असं वाटलं होतं. कुणी केला नाही.

हे तत्त्व आमच्या लव्हॉनने एका फोनमध्ये मोडीत काढलं. लव्हॉन माझी बायको. फोन होणाऱ्या विहीणबाईंचा होता, थेट मिनेसोटाहून. आमच्या जोलीनचं सोरेनशी ठरलं होतं, पण लग्न कुठे करायचं ते ठरत नव्हतं. विहीणबाईंना ते त्यांच्या तळ्याकाठी हवं होतं. मला ते आमच्या गावच्या हॉलमध्ये हवं होतं. त्या हॉलच्या लाकडी जमिनीवर मी लव्हॉनबरोबर पहिल्यांदा पोल्का नाचलो होतो, आणि जोलीन पाळण्यात होती तेव्हापासून तिचा हात धरून तिथे नाचायचं मी मनात धरलं होतं. दुसरं काही मी आयुष्याकडे मागितलं नव्हतं. थोडंफार मागितलं असेल, पण ते मिळालं नाही म्हणून रुसलो नव्हतो. यासाठी मात्र रुसलो असतो.

"या शनिवारी या ना," लव्हॉन फोनवर म्हणत होती. "मिस ओपलकडे जेवू. हो हो, तेच ते. अहो, आमचा एल्रॉय दर शनिवारी जातो तिथे! ती त्याला नावाने हाक मारते."

मी बसल्या जागी हातातला कप खाली ठेवला.

"दर शनिवारी?" फोन ठेवल्यावर मी विचारलं.

"मग काय सांगू? की नवरा इतकी वर्षं धुरावर रुसून बसलाय?" लव्हॉन म्हणाली. "आणि जोलीन म्हणालीय, त्यांना इथे आवडलं तर लग्न इथे होईल. तेव्हा पहाटे जायचं, रांगेत जागा धरायची आणि दर शनिवारी येणाऱ्या माणसासारखं दिसायचं."

दर शनिवारी येणारा माणूस कसा दिसतो हे मला कुठे ठाऊक होतं? म्हणून मी कुंपणाशी गेलो. कुंपणापलीकडे फ्लॉइड बार्टेक राहतो. त्या कुंपणाची वरची फळी त्याच्या कोपरांनी गुळगुळीत झाली आहे, कारण सल्ला देताना तो तिथेच रेलतो.

"ब्रिस्केट मागताना चरबीचं मागायचं," फ्लॉइड म्हणाला. "कोरडं मागणारा एक तर डाएटवर असतो नाहीतर परगावचा. सॉस मागायचा नाही."

"सॉस नसतो का?"

"असतो ना! टेबलावरच असतो. पण बघायचंसुद्धा नाही त्याच्याकडे. बाई लक्ष ठेवून असते."

"आणि काटा-चमचा?"

फ्लॉइडने टोपी काढली. कुणी गेल्याची बातमी ऐकल्यावर काढतात तशी. "एल्रॉय," तो म्हणाला, "काटा गवत उचलायला असतो. हे विचारलंस ते माझ्याजवळच राहू दे."

एवढ्यात समोरच्या मिसेस फोगेल आल्या. त्या म्हणाल्या की फ्लॉइडचं काही ऐकू नकोस, मी तर सॉस घरून पर्समध्ये घालून नेते. त्यावर दोघांचं जे जुंपलं ते सूर्य मावळेपर्यंत. शेवटी सल्ला अर्धवट राहिला, पण फ्लॉइडने आपली खुर्ची मला दिली. दुमडती, हिरव्या पट्ट्यांची, चार जुलैला, स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत मांडायची.

या खुर्चीबद्दल दोन शब्द बोललेच पाहिजेत, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यामुळे झाला. मिरवणुकीच्या आदल्या संध्याकाळी आमच्या मुख्य रस्त्याकडेला खुर्ची मांडली की माणूस मांडल्यासारखाच. तिला कुणी हलवत नाही, तिच्यात कुणी बसत नाही. एका वर्षी म्हातारा हर्मन कुबेना खुर्ची मांडून घरी गेला आणि त्याच रात्री झोपेत वारला. दुसऱ्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती, लोक एकमेकांच्या खांद्यावरून बघत होते, पण हर्मनची खुर्ची रिकामीच राहिली. मेयरने उघड्या गाडीतून तिला हातसुद्धा केला. अशा गावात मी वाढलो. खुर्चीवर माझा विश्वास होता.

शनिवारी मी गेलो तेव्हा अजून उजाडायचं होतं. मिस ओपलच्या दारापुढच्या मैदानावर धुकं उतरलं होतं आणि त्यात भट्टीचा धूर मिसळला होता, त्यामुळे धुकं कुठे संपतं आणि ब्रिस्केट कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. त्या दुधाळ उजेडात माणसं नुसती आकारांनी दिसत होती. कुणी घोंगडी पांघरून बसलेलं, कुणी हळू आवाजात पत्ते पिसणारं. लांब कुणीतरी गिटार जुळवत होतं आणि ती काही जुळत नव्हती. कुणालाच घाई नव्हती. इतक्या हळुवारपणे इतकी माणसं एका जागी बसलेली मी चर्चमध्येही पाहिली नव्हती. मला एकदम वाटलं, ही माणसं दर शनिवारी इथे असतात आणि मी दर शनिवारी खिडकी लावून घरात बसत होतो.

मी खुर्ची मांडली. जागा चांगली पुढची होती. माझ्या मागे रोसाल्वा नावाची नर्स होती, रात्रपाळी संपवून आली होती.

"बाई, ही खुर्ची म्हणजे मी," मी तिला म्हणालो. "जरा गाडीत जाऊन बसतो. दव बाधतं मला."

"बरं दादा," ती म्हणाली.

मी गाडीत बसलो, काच थोडी खाली केली आणि तो धूर आत येऊ दिला. नुसता धूर, पण काय होता! त्यात ओक होतं, मिरी होती, रात्रभर वितळलेली चरबी होती, आणि कुठेतरी माझी आजी होती, जी डुकराचं मांस वाळवायच्या धुरीच्या खोलीतून बाहेर यायची तेव्हा मी तिच्या एप्रनला नाक लावायचो. माझे डोळे मिटले. मला हॉल दिसला. हॉलमध्ये गुडघाभर धूर होता आणि धुरात जोलीन पांढऱ्या पोशाखात माझ्याबरोबर पोल्का नाचत होती. आमचे पाय जमिनीला लागत नव्हते. अ‍ॅकॉर्डियन वाजत होता. भिंतीशी सगळ्या खुर्च्या मांडलेल्या, आणि प्रत्येक खुर्चीत कुणी ना कुणी आपलं माणूस बसलेलं. हर्मन कुबेनाही होता. "चरबीचं माग," तो म्हणाला.

जाग आली तेव्हा ऊन मैदानावर पडलं होतं. धुकं निघून गेलं होतं आणि त्याच्याबरोबर रांगही. मोकळ्या गवतात, ऐन मध्यावर, फ्लॉइडची हिरवी खुर्ची एकटी उभी होती. तिला कुणी धक्कासुद्धा लावला नव्हता. लोक तिला वळसा घालून अदबीने पुढे गेले होते. रांग भट्टीलगतच्या शेडखाली घेतली होती आणि रोसाल्वा जवळजवळ दाराशी पोचली होती.

"बाई, मी सांगितलं होतं की खुर्ची म्हणजे मी!"

"सांगितलं होतं ना," रोसाल्वा म्हणाली. "रांग हलली तेव्हा मी तिला म्हटलंसुद्धा, चला हो. ती उठलीच नाही."

"मग पुढे ओढायची!"

"परक्याच्या खुर्चीला हात लावू?" ती अशा आवाजात म्हणाली की मलाच लाज वाटली. "आमच्याकडे नाही हो असं करत."

आमच्याकडेही नाही करत. वाद संपला. माझं मिरवणुकीच्या कायद्याचं ज्ञान पक्कं होतं, पण मिरवणुकीत रांग हलत नाही, हा मुद्दा मी कधी विचारात घेतला नव्हता. खुर्ची उचलून आणणं म्हणजे हार मानणं. ती तिथेच सोडून मी मान ताठ ठेवून रांगेच्या शेपटाशी जाऊन उभा राहिलो.

थोड्या वेळाने ब्लांच नावाची भारदस्त बाई रांग मोजत आली. कामावरचीच, हाताला काळा रबरी मोजा. "किती जण?" तिने मला विचारलं.

"पाच. त्यातले दोन व्याही."

तिने डोळे मिटून मनाशी काहीतरी हिशेब केला आणि दोरी ओवलेली एक लाकडी पाटी माझ्या गळ्यात घातली. पाटीवर रंगाने लिहिलं होतं : शेवटचा माणूस.

"तुमच्यापर्यंत मांस पुरतं," ती म्हणाली. "तुमच्या मागे जो येईल त्याला सांगायचं, संपलं. गोड बोलून सांगायचं. आणि तुम्ही कुणाला मध्ये घेतलंत तर तुमचं पान रिकामं. समजलं?"

आता सांगतो ते फुशारकी म्हणून नव्हे. मी आयुष्यभर पाणी खात्याच्या खिडकीमागे बसून लोकांना 'नाही' सांगत आलो. या कामात माझ्या तोडीचा माणूस जिल्ह्यात नसेल. ओक्लाहोमाहून आलेल्या एका कुटुंबाला मी इतक्या हळहळीने परत पाठवलं की त्यांनी माझे आभार मानले. मोटरसायकलवाल्यांची एक टोळी आली, तिलाही पाठवलं. मग आमचे पाद्री श्राम आले, ज्यांनी जोलीनच्या डोक्यावर पवित्र पाणी शिंपडलं होतं.

"एल्रॉय, मी आहे," पाद्री म्हणाले.

"दिसतंय, पण नियम नियम आहे," मी म्हणालो. माझ्याच तोंडून ते ऐकून मला वाईट वाटलं, पण पाटीला थोडा अभिमानही वाटला असावा.

पाद्री गेले आणि मागून फ्लॉइड आला. त्याला मी पाटी दाखवली.

"हे नेहमीचंच," तो म्हणाला. "मी आलो की कुणाच्या तरी गळ्यात ती असतेच. एकदाही आत पोचलो नाही."

"एकदाही? मग ते चरबीचं? तो सॉस? काट्याचं ऐकून टोपी काढलीस ती?"

"ऐकलेलं आहे," फ्लॉइड म्हणाला, आणि निघून न जाता तिथेच झाडाखाली बसून राहिला.

आणि तेव्हाच विमानतळावरून जोलीनची गाडी आली. लव्हॉन उतरली, जोलीन उतरली, आणि मागून व्याही कार्ल थॉरसन आणि विहीणबाई मार्गिट. सोरेनला सुट्टी मिळाली नव्हती. मी रांगेच्या टोकाशी, गळ्यात पाटी घालून, चुकलेल्या सामानासारखा उभा होतो.

"हे काय आहे?" विहीणबाईंनी विचारलं.

"मान आहे तो," लव्हॉन क्षणाचाही विलंब न लावता म्हणाली. "जुन्या नेहमीच्या माणसालाच देतात."

जोलीनने दुसरीकडे बघितलं. तिचे खांदे हलत होते.

कार्ल मात्र हरखून गेले. उंच, गुलाबी आणि कमालीचे सभ्य गृहस्थ. दाराला धडकले तर दाराची माफी मागतील. त्यांनी पाटी वाचली, तिच्यावरून बोट फिरवलं आणि हळूच विचारलं, "मी घालून बघू का? थोडाच वेळ?"

व्याह्यांना नाही कसं म्हणणार? मी पाटी त्यांच्या गळ्यात घातली. तेवढ्यात विहीणबाई म्हणाल्या की विमानात बसून पाय सुजलेत, कुठे टेकायला मिळेल का. मैदानात एकच खुर्ची होती. मी त्यांना तिकडे घेऊन गेलो.

मार्गिट खुर्चीत बसल्या. आजूबाजूला गुडघ्याएवढं गवत, आणि भट्टीकडून धुराचा एक पातळ पट्टा तरंगत येत होता. तो आमच्यावरून गेला, पुन्हा आला.   शेडखालून माणसांचा आवाज येत होता, पण पाण्याखालून यावा तसा.

"ही खुर्ची कुणाची?" त्यांनी विचारलं.

आता इथे दर शनिवारी येणाऱ्या माणसाने काहीतरी ठसक्यात सांगायला हवं होतं. पण त्या धुरात मला खोटं सुचेना. मी त्यांना मिरवणुकीचं सांगितलं, हर्मन कुबेनाचं सांगितलं. मेयरने हात केला ते सांगितलं.

"आमच्याकडे असती तर कुणीतरी नीट घडी घालून हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत जमा केली असती," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "सोरेन एकुलता एक आहे. लग्न इथे झालं तर तो इथलाच होऊन जाईल. मग आमच्याकडे पाहुण्यासारखा येईल. तळ्याचं काय, तळं जाऊ दे. भीती ही आहे."

"मला पण तीच आहे," मी म्हणालो. "उलट्या बाजूने."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. मग मी हात देऊन त्यांना खुर्चीतून उठवलं.

शेडखाली परत आलो आणि माझी झोप खाडकन उतरली. कार्ल रांगेत होते, पण आम्ही सोडलं त्यापेक्षा मागे. त्यांच्यापुढे ओक्लाहोमाचं ते कुटुंब होतं, आजीसकट. मोटरसायकलवाले होते. पाद्री श्राम होते, आणि अर्थातच फ्लॉइड होता.

"कार्ल!" मी ओरडलो. "पाटी घालून कुणाला मध्ये घ्यायचं नसतं!"

"मी घेतलं नाही हो," कार्ल कळवळून म्हणाले. "ते झाडाखाली घुटमळत होते, मी म्हटलं, तुम्ही आधी. समोरच्याला तसं म्हणतातच ना? आजींना तर उभंही राहवत नव्हतं. आणि ते पाद्री, बिचारे, म्हणाले मला कुणीतरी हाकलून दिलं."

"अतिशय कठोर माणूस होता," पाद्री माझ्याकडे बघत म्हणाले.

मी लव्हॉनकडे बघितलं. तिने हात पसरले. "मी सांगत होते त्यांना. पण ते एवढे खूश होते!"

रांग पुढे सरकत राहिली. आतून मांस कापल्याचा आवाज येई, कागदाचा आवाज येई, आणि प्रत्येक जण तपकिरी कागदात बांधलेलं आपलं पुडकं छातीशी धरून बाजूने जाई. पुढच्यांची पुडकी मोठी होती, फ्लॉइडचं अगदी लहान होतं, पण त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी मनातल्या मनात लग्न तळ्याकाठी हलवलं, तिथे थंडी वाजेल म्हणून एक कोटही विकत घेतला.

मांस देण्याच्या खिडकीशी पोचलो तेव्हा मिस ओपल फळा पुसत होती. म्हातारी, काटक, हातावर राखेचे डाग. "ब्रिस्केट संपलं," ती म्हणाली. "सॉसेजही संपलं. बीन्स आहेत, पांढरा ब्रेड, कांदा, लोणच्याची काकडी. वाईट वाटतं बाळांनो."

 दर शनिवारी येणारा माणूस, आणि व्याह्यांच्या पानात कांदा!

"थांबा," मिस ओपल म्हणाली. "पहिल्यांदा येणाऱ्याला मी एक घास हातावर देते. तो बाजूला ठेवलेला असतो, कितीही संपलं तरी. तुमच्यापैकी पहिल्यांदा कोण आलंय?"

कार्लनी हात वर केला. मार्गिटनी केला. मिस ओपलने हातातल्या लहान ताटलीवरचं झाकण काढलं. काळ्याभोर कडांचे, चमकणारे तुकडे. त्यांचा वास माझ्या बेडरूमच्या खिडकीशी इतकी वर्षं येऊन उभा राहत होता, आणि आज तो पहिल्यांदा समोरासमोर भेटत होता. मी ठरवलं होतं, हात खाली ठेवायचा. जोलीनसाठी, हॉलसाठी, त्या पोल्कासाठी. पण स्वप्नात पाय जसे आपले आपण चालू लागतात, तसा माझा हात वर गेला. मी तो बघत होतो. तो खाली येईना.

 लव्हॉनने माझ्या हाताकडे पाहिलं, ताटलीकडे पाहिलं, मग पुन्हा हाताकडे. आणि मग, हळूहळू, तिचाही हात वर गेला.

"दर शनिवारी?" विहीणबाईंनी विचारलं.

"धूर दर शनिवारी येतो," लव्हॉन बारीक आवाजात म्हणाली.

आणि मार्गिट थॉरसन हसल्या. आल्यापासून पहिल्यांदा, खिडकीची कड धरून, डोळे पुसत. "जोलीनने आम्हाला विमानतळावरच सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "मी वाट बघत होते, कधी कबूल करताय याची."

मिस ओपलने आम्हा चौघांच्या तळहातावर एकेक तुकडा ठेवला. जोलीन गुपचूप आधीच येऊन गेली होती म्हणे. मी तो तोंडात घातला. त्याचं वर्णन मी करणार नाही. एवढंच सांगतो की मी चावलं नाही, तो आपला आपणच विरघळला, आणि माझ्या तत्त्वांपैकी काहीएक शिल्लक राहिलं नाही.

बाहेर लांब टेबलांवर ओक्लाहोमाच्या आजींनी आम्हाला हाक मारली. मोटरसायकलवाल्यांनी सरकून जागा केली. सगळ्यांचे कागद उलगडले आणि प्रत्येकाने आपल्यातलं थोडं थोडं आमच्यापुढे सरकवलं, फ्लॉइडनेसुद्धा. कार्ल सगळ्यांना नावाने हाका मारत होते.

"मार्गिट," ते जरा ओशाळून म्हणाले, "माझ्याकडून एक झालंय. रांगेत बोलता बोलता मी या सगळ्यांना लग्नाला बोलावलं."

"या सगळ्यांना? कुठे?"

"तेच तर. एवढ्या लांब आमच्याकडे कसे येणार बिचारे? आणि पाद्री म्हणतात, ऑक्टोबरात हॉल मोकळा आहे."

 मार्गिटनी मैदानाकडे बघितलं. रांग कधीच मोडली होती, गाड्या निघत होत्या, पोरं गवतात धावत होती, आणि ती हिरवी खुर्ची जिथल्या तिथे होती. प्रत्येक जण तिला वळसा घालून जात होता.

"ऑक्टोबर चालेल," त्या म्हणाल्या. "पण ती खुर्ची मला हवी."

जोलीनने माझा हात टेबलाखाली घट्ट धरला. मला बोलता येईना. ब्रेडचा घास तोंडात होता असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मी हॉलमध्ये एकटाच गेलो आणि फ्लॉइडची खुर्ची पहिल्या ओळीत, नाचाच्या जागेला अगदी लागून मांडली. दुसऱ्या दिवशी हॉल फुलून गेला, मोटरसायकलवाले भिंतीला टेकून उभे राहिले, पण त्या खुर्चीत कुणी बसलं नाही. चर्चच्या दारात कार्ल प्रत्येकाला 'तुम्ही आधी' म्हणत राहिल्यामुळे विहीणबाई आल्या तेव्हा पहिला पोल्का सुरू झाला होता आणि जोलीन माझ्या हातात होती. मार्गिट गर्दीतून सरळ पुढे आल्या, आपली खुर्ची ओळखली आणि बसल्या. नाचता नाचता आम्ही समोरून गेलो तेव्हा मी मेयरसारखा त्यांना हात केला.